साखरे कुळाचे मूळपुरुष सायंदेव

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

मार्गशीर्ष महिना लागला की घराघरांतून गुरुचरित्राची पोथी बाहेर निघते. चौरंग, त्यावर धुतलेले वस्त्र, शेजारी समई. सप्तमी-अष्टमीला पारायणाला बसायचे आणि दत्तजयंतीला सांगता करायची, हा आपल्यापैकी कित्येकांचा वर्षानुवर्षांचा नेम. माझाही आहे. पण एक कबुली द्यायला हवी. पहिल्या अध्यायात देवदेवतांना वंदन करून झाल्यावर कवी आपल्या घराण्याची माहिती सांगतो. त्या थोड्याशा ओव्या मी इतकी वर्षे जरा घाईनेच वाचत आलो. पुढे एवढी मोठी पोथी पार पाडायची असते, घड्याळाकडे लक्ष असते, आणि कोणाचे गोत्र काय नि शाखा काय, त्याच्याशी आपल्याला काय करायचंय, असं वाटायचं.

गेल्या वर्षी माझ्या नातीला शाळेतून वंशवृक्ष काढून आणायला सांगितला. मोठा पुठ्ठा, त्यावर रंगवलेले झाड घेऊन ती माझ्यापाशी येऊन बसली. माझे नाव, वडिलांचे, आजोबांचे, पणजोबांचे अशी नावे मी सांगत गेलो आणि तिथेच थांबलो. तिने विचारलं, त्यांच्या वर कोण? मला सांगता येईना. पणजोबा तरी कसे ठाऊक, तर दरवर्षी पितृपक्षात गुरुजी नाव विचारतात म्हणून. पिता, पितामह, प्रपितामह अशी तीन नावे उच्चारून तीन पिंड द्यायचे. चौथा पुरुष लेपभागी. पिंड देताना हाताला जे अन्न चिकटून राहते त्यावर त्याचा अधिकार. त्याचे नाव घ्यावे लागत नाही, म्हणून ते विसरले जाते. मग नातीने आपले आडनाव कशावरून पडले तेही विचारले. त्याचेही उत्तर मला देता आले नाही.

त्यानंतरच्या पारायणात मी त्या ओव्यांपाशी थांबलो. नावे बोटांवर मोजली. कवी सरस्वती, त्याचे वडील गंगाधर, आजोबा देवराव, पणजोबा नागनाथ, आणि त्यांच्याही वर सायंदेव. श्राद्धात ज्याचे नाव सुटते, नेमका तो चौथा पुरुष कवीने धरून ठेवला आहे. एवढेच नव्हे, तर साखरे हे कुळनाव या सायंदेवांपासून ख्यात झाले, असे त्याने सांगून ठेवले आहे.

सायंदेवांचे चरित्र पोथीत एका ठिकाणी नाही. तेराव्या अध्यायात ते प्रथम भेटतात, चौदाव्यात त्यांच्यावरचे संकट येते, एकेचाळीसपासून पुढे त्यांची गुरुसेवा येते आणि अगदी शेवटी एकावन्नाव्या अध्यायात ते पुन्हा दिसतात. हे सगळे वेचून एका ठिकाणी ठेवावे, असे मनात आले. तेच या अंकाच्या निमित्ताने श्रीगुरुचरणी ठेवतो आहे.

कुळ, गोत्र आणि आडनाव

सायंदेव आपस्तंब शाखेचे, कौंडिण्य गोत्राचे ब्राह्मण. त्यांचे गाव कडगंची, पोथीत त्याला कांची असेही म्हटले आहे. आज हे गाव कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यातल्या आळंद तालुक्यात येते. गाणगापूरही त्याच जिल्ह्यात, अफझलपूर तालुक्यात. म्हणजे दोन्ही गावे एकाच टापूतली.

आपल्याकडे आडनावे वेगवेगळ्या वाटांनी आली. गावावरून आलेली असंख्य, ज्यांच्या शेवटी ‘कर’ लागतो. हुद्द्यावरून आलेली देशपांडे, कुलकर्णी, पाटील. विद्येवरून जोशी, वैद्य. काही आडनावे एखाद्या पदार्थावरून, वस्तूवरून, रंगरूपावरून चिकटलेली. साखरे म्हटले की कोणालाही साखरच आठवेल. एखादा भाविक त्याचा संबंध पुढे येणाऱ्या खिरीच्या प्रसंगाशी जोडील. जोडो बापडा, पण पोथीत तसे काही नाही. कवी शब्दाचा अर्थ सांगत बसत नाही. तो फक्त माणसाकडे बोट दाखवतो. सायंदेवांपासून, एवढेच म्हणतो.

इथे आणखी एक गोष्ट ध्यानात येते. श्रीनृसिंहसरस्वतींचा जन्म कारंजा येथला, शके १३०० म्हणजे इ.स. १३७८ च्या सुमाराचा. आईवडील अंबाभवानी आणि माधव. हे घराणे काळे आडनावाचे, असे परंपरा सांगते. महाराजांनी संन्यास घेतला आणि कुळ, गोत्र, आडनाव सगळे तिथेच सुटले. संन्याशाला आडनाव नसते. ज्यांनी स्वतःचे नाव सोडले, त्यांच्या कृपेने एका गृहस्थाचे नाव कायमचे राहिले. आपल्यासारख्या प्रपंचातल्या माणसांना यात मोठा दिलासा आहे.

वासरची भेट

संन्यास घेऊन, उत्तरेकडची तीर्थे करून श्रीगुरू कारंजाला आईवडिलांना भेटले आणि तिथून गोदावरीच्या काठाने फिरत वासर ब्रह्मेश्वराला आले. हेच आजचे तेलंगणातले बासर, सरस्वतीचे प्रसिद्ध स्थान. काळ बहामनी सुलतानांचा. १३४७ मध्ये हे राज्य उभे राहिले, आधी राजधानी गुलबर्गा होती, मग बिदर झाली. दुर्गादेवीचा दुष्काळ लोकांच्या आठवणीत ताजा होता. पोटासाठी माणसे गाव सोडून लांब लांब जात. सायंदेवही असेच कडगंची सोडून चाकरीसाठी इकडे आलेले होते. एका यवन अधिकाऱ्याच्या हाताखाली त्यांची सेवा होती आणि येऊन वर्षच झाले होते. बदलीच्या गावी बिऱ्हाड केलेल्या माणसाची अवस्था मला चांगली कळते. ओळखीपाळखी नाहीत, वरिष्ठ कसा निघेल ठाऊक नाही, आणि घरची चिंता मागे.

एके दिवशी गोदावरीवर एक ब्राह्मण जीव द्यायला आला. त्याला भयंकर पोटदुखी होती. अन्न पोटात गेले की प्राण कासावीस होई, म्हणून तो पंधरा दिवसांतून, महिन्यातून एकदा जेवायचा. महानवमीच्या सणाला त्याने मिष्टान्न खाल्ले आणि दुखणे असे उठले की त्याने पोटाला धोंडे बांधून नदीत उतरायचे ठरवले. श्रीगुरूंनी त्याला शिष्यांकरवी बोलावून आणले, आत्महत्येचे पाप समजावले आणि तुझे औषध आमच्यापाशी आहे, असा धीर दिला.

तेवढ्यात सायंदेव स्नानाला आले. श्रीगुरूंना पाहताच त्यांनी साष्टांग नमस्कार घातला. श्रीगुरूंनी त्यांचे नाव-गाव विचारले आणि सांगितले की या ब्राह्मणाला घरी ने आणि पोटभर जेवू घाल. अपूप, उडदाचे पदार्थ आणि खीर वाढ.

आता सायंदेवांच्या जागी आपण असतो तर? ज्या माणसाला अन्न विषासारखे आहे, त्याला घरी नेऊन गोडधोड वाढायचे, आणि तो ताटावरच गेला तर ब्रह्महत्या आपल्या माथी. सायंदेवांनी ही भीती लपवली नाही, बोलून दाखवली. प्रश्न विचारला, उत्तर ऐकले, आणि मग मान तुकवली. त्यानंतर त्यांनी स्वतःहून श्रीगुरूंनाच शिष्यांसह भिक्षेचे आमंत्रण दिले. घरी त्यांच्या पत्नी जाखाई यांनी मोठ्या आदराने स्वयंपाक केला. श्रीगुरूंची पाद्यपूजा झाली, तीर्थ घेतले, पंगत बसली. तो ब्राह्मण पोटभर जेवला आणि त्याची व्यथा कायमची गेली.

जाखाईंचे नाव पोथीत आले आहे, याचे मला फार बरे वाटते. परगावच्या बिऱ्हाडात अवचित एवढी पंगत, तीही एका मरणपंथाला लागलेल्या पाहुण्यासह. ती ज्या बाईने निभावली, तिच्या नावाशिवाय या कुळाची कथा अपुरी राहिली असती.

आधी वंश, मग प्राण

चौदावा अध्याय आपल्यातले कितीतरी जण रोज वाचतात. संकटनाशक म्हणून त्याची ख्याती आहे. मीही नोकरीत असताना अडचणीच्या दिवसांत तो रोज वाचायचो. पण त्यातला एक क्रम माझ्या लक्षात फार उशिरा आला. तो आज मुद्दाम सांगतो.

भोजन झाले, श्रीगुरू प्रसन्न झाले. सायंदेवांनी त्यांची स्तुती केली आणि मागणे मागितले. काय मागितले? माझ्या वंशात तुमची भक्ती पिढ्यान्‌पिढ्या राहू दे, मुलानातवंडांना सुख लाभू दे आणि शेवटी सद्गती मिळू दे. हे मागून झाल्यावर, त्यानंतर, त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. ज्या यवनाची चाकरी करतो तो अतिशय क्रूर आहे, दरवर्षी एका ब्राह्मणाचा जीव घेतो आणि आज त्याने मला बोलावले आहे. आज तुमचे पाय दिसले असताना माझ्या हातून मरण कसे यावे, एवढेच ते म्हणाले.

म्हणजे पाहा, त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आपण जिवंत राहू की नाही, हे त्या गृहस्थाला ठाऊक नव्हते. माणूस अशा वेळी आधी स्वतःचा जीव मागतो. सायंदेवांनी आधी अजून न जन्मलेल्यांसाठी मागितले. ज्यांची तोंडे त्यांना कधी दिसणार नव्हती, त्यांच्यासाठी.

श्रीगुरूंनी त्यांच्या मस्तकावर हात ठेवला. भय सोडून यवनाकडे जा, तो संतोषाने तुला परत पाठवील, तू येईपर्यंत आम्ही इथेच थांबतो, असे सांगितले. आणि वंशाबद्दलचे मागणेही पुरते मान्य केले. तुझी संतती वाढेल, पिढ्यान्‌पिढ्या आमची भक्ती तिच्यात राहील, असा वर दिला.

सायंदेव गेले. ही गोष्ट आपण किती सहज म्हणतो. पाय कसे उचलले असतील त्यांनी? त्यांना पाहताच यवनाच्या हृदयात दाह सुरू झाला. तो आत जाऊन निजला, तर झोपेत एक ब्राह्मण आपल्याला शस्त्राने मारतो आहे असे त्याला दिसले. जागा होऊन तो धावत बाहेर आला, सायंदेवांच्या पाया पडला, तुम्हाला इथे कोणी बोलावले असे म्हणू लागला आणि वस्त्रे-अलंकार देऊन त्यांना निरोप दिला. ज्या श्रीगुरूंनी इथे एका भक्ताला जुलमी अधिकाऱ्यापासून राखले, त्यांनीच पुढे बिदरच्या यवन राजाचे स्फोटक बरे केले आणि त्याला आपला भक्त म्हणून जवळ घेतले, हेही विसरता कामा नये. श्रीगुरूंचे वैर जुलमाशी होते.

पंधरा वर्षांचा वायदा

सायंदेव आनंदाने नदीकाठी परत आले. आता तुमचे पाय सोडणार नाही, बरोबर येतो, असा त्यांचा हट्ट होता. श्रीगुरूंनी त्यांना थांबवले. आम्ही दक्षिणेकडे तीर्थयात्रेला जातो, पंधरा वर्षांनी तुझ्या गावाजवळच येऊन राहू, तेव्हा बायकामुले, भाऊबंद यांच्यासह भेटायला ये, असे सांगून ते निघाले.

हिशेब हा माझ्या अंगवळणी पडलेला. म्हणून या पंधरा वर्षांचा मेळ मी बसवून पाहिला. वैजनाथ क्षेत्री श्रीगुरू एक वर्ष गुप्तपणे राहिले. त्यानंतर भिलवडीजवळ कृष्णाकाठी औदुंबराखाली एक चातुर्मास. मग अमरापूर म्हणजे आपली नृसिंहवाडी, तिथे बारा वर्षे. ही झाली तेरा वर्षे आणि चार महिने. बाकीचा काळ वाटेतल्या तीर्थांचा आणि गाणगापुरात स्थिर होण्याचा. वायदा बरोबर जुळतो.

पण हिशेब जुळणे वेगळे आणि पंधरा वर्षे वाट पाहणे वेगळे. त्या काळात ना पत्र ना निरोप. महाराज आज कुठे आहेत, हे कळण्याचा मार्ग नव्हता. तीच चाकरी करायची, मुले वाढवायची आणि एका शब्दावर विसंबून राहायचे. आपण सात दिवसांच्या पारायणात फळ दिसले नाही की चुळबूळ करतो.

संगमावरची रात्र

श्रीगुरू गाणगापुरात आहेत ही कीर्ती कानावर येताच सायंदेव निघाले. गाणगापूर दृष्टीस पडल्यावर ते दंडवत घालत घालत पुढे गेले. भेट झाली, आणि त्यांनी सेवेत ठेवून घ्यावे अशी विनंती केली. श्रीगुरूंनी बजावले की आमची सेवा कठीण आहे. कधी रानात राहू, कधी गावात. जमत असेल तरच राहा. सायंदेव राहिले.

एके संध्याकाळी श्रीगुरू त्यांना एकट्यालाच घेऊन भीमा-अमरजा संगमावर गेले. रात्री सोसाट्याचा वारा आणि मुसळधार पाऊस सुरू झाला. सायंदेव आपल्या वस्त्राने आडोसा करून उभे राहिले. पाऊस थांबला तरी थंडी वाढली. श्रीगुरूंनी त्यांना गावातून शेकायला विस्तव आणायला सांगितले, आणि जाता-येता डावीकडे उजवीकडे पाहू नकोस, अशी ताकीद दिली. काळोख एवढा की विजेच्या उजेडात वाट शोधत ते वेशीपर्यंत पोचले. द्वारपाळाकडून मडक्यात विस्तव घेऊन परत फिरले. आणि मग मनात आले, पाहू नकोस असे का बरे सांगितले असेल? त्यांनी उजवीकडे पाहिले, तर पाच फण्यांचा नाग. डावीकडे पाहिले, तर तसाच दुसरा. घाबरून ते वाट सोडून धावत सुटले. नागही बरोबर धावत होते. लांबून संगमावर हजार दिवे लागलेले दिसले, वेदघोष कानावर आला. जवळ गेले तर श्रीगुरू एकटेच बसलेले. नागांनी श्रीगुरूंना नमस्कार केला आणि ते निघून गेले. ते तुझ्या रक्षणासाठीच पाठवले होते, असे श्रीगुरूंनी सांगितले.

सायंदेवांकडून आज्ञा मोडली गेली, हे कवी लपवत नाही. स्वतःच्या मूळपुरुषाची ही चूक त्याने जशीच्या तशी लिहून ठेवली. घराण्याचा इतिहास लिहायला बसलेला माणूस सहसा असे करत नाही. पूर्वज म्हटले की सगळे शूर, सगळे दानी. कवीचा पूर्वज घाबरला, चुकला, धावला, पण मडके त्याने हातातून टाकले नाही. श्रीगुरूंपाशी विस्तव पोचला.

त्याच रात्री श्रीगुरूंनी त्यांना त्वष्ट्याच्या पुत्राची, गुरुसेवेची आणि काशीयात्रेची कथा सांगितली. ऐकता ऐकता आपण काशीतच आहोत असे सायंदेवांना दिसू लागले. त्या आनंदात त्यांनी श्रीगुरूंची स्तुती केली, आणि पोथीच्या या भागात एक स्तोत्र कानडी भाषेतले आहे. मराठी पोथीत मध्येच कानडी शब्द आले की आपण अडखळतो. पण कडगंचीच्या माणसाच्या तोंडून भरल्या मनाने आपली घरची भाषाच येणार, नाही का?

श्रीगुरूंनी त्यांना परक्याची चाकरी सोडून कुटुंबासह येण्याची आज्ञा केली. सायंदेव कडगंचीला जाऊन बायकामुलांना घेऊन आले. तो दिवस भाद्रपद शुद्ध चतुर्दशीचा होता. श्रीगुरूंनी थोरल्या नागनाथाच्या मस्तकावर हात ठेवून आशीर्वाद दिला आणि सायंदेवांकडून अनंताचे व्रत करवून घेतले. वासरला अजून न जन्मलेल्या वंशासाठी जे मागितले होते, त्याची पहिली पावती अशी श्रीगुरूंच्या हाताने नागनाथांच्या मस्तकावर पडली.

चार फुले

शके १३८०, बहुधान्य संवत्सर. माघ वद्य प्रतिपदेला श्रीगुरू श्रीशैल्याला पाताळगंगेतून पुष्पासनावर बसून निजानंदी गेले. भक्तांना प्रसादाची फुले पाठवतो, असे त्यांनी सांगितले होते. प्रवाहातून चार फुले वाहत आली आणि ती चौघा शिष्यांना मिळाली. सायंदेव, नंदी आणि नरहरी हे दोन कवीश्वर, आणि सिद्धमुनी.

सायंदेवांच्या आयुष्याची मिळकत म्हणून पोथीत शेवटी दिसते ती एवढीच, एक फूल. यवनाने दिलेल्या वस्त्रालंकारांचे पुढे काय झाले, त्याचा उल्लेख नाही. फुलाचा आहे.

वारस

त्यानंतर पोथीत या घराण्याच्या तीन पिढ्या शांत आहेत. नागनाथ, देवराव, गंगाधर. त्यांची फक्त नावे कळतात. देवाधर्माने प्रपंच केलेली माणसे असणार. आपल्यातल्या बहुतेकांचे चरित्र असेच असते, नावापुरते. पण त्या तिघांनी एक काम केले. सायंदेवांची गोष्ट घरात विझू दिली नाही. नाही तर पाचव्या पुरुषाला ती कळली कशी असती?

हा पाचवा पुरुष म्हणजे सरस्वती गंगाधर. पोथीतला नामधारक तो हाच, असे परंपरेने मानले जाते. संसारतापाने पोळलेला, श्रीगुरूंच्या दर्शनाची आस लागलेला हा माणूस गाणगापूरच्या वाटेला लागतो. चालून चालून थकतो, आणि रडत रडत श्रीगुरूंशी भांडू लागतो. त्या भांडणात तो जे म्हणतो ते वाचून मी चकित झालो. आमच्या पूर्वजांनी तुमची सेवा केली, तिचा मोठा संचय तुमच्यापाशी जमा आहे, ते ऋण तुमच्याकडे निघते, तेच आता मी मागायला आलो आहे. द्यायचे नाही म्हणालात तरी सोडणार नाही!

बँकेत माझ्या टेबलावर मयत खातेदारांच्या वारसांचे अर्ज येत. कोणी रडत येई, कोणी भांडत. बापाच्या नावे काय शिल्लक आहे, हा एकच प्रश्न असे. दोन भाऊ एकमेकांचे तोंड न पाहता काऊंटरच्या दोन टोकांना उभे राहिलेले मी पाहिले आहेत. नामधारकही तसाच वारस म्हणून आला, पणजोबांच्या वडिलांची ठेव मागायला. फरक इतकाच की ही ठेव वाटल्याने कमी होणारी नव्हती, आणि देणाऱ्याने कागदपत्र मागितले नाहीत. श्रीगुरू स्वप्नात आले, आणि पुढे सिद्धमुनी भेटले. तेच सिद्ध, ज्यांना श्रीशैल्याला सायंदेवांबरोबर फूल मिळाले होते. तुझ्या पूर्वजाने अशी सेवा केली, असे सांगत सांगत त्यांनी सगळे चरित्र ऐकवले आणि शेवटी जपून ठेवलेले ते फूलही दाखवले.

सरस्वती गंगाधरांनी सोळाव्या शतकात, श्रीगुरूंच्या गमनानंतर सुमारे शंभर वर्षांनी हे सारे ओवीबद्ध केले. वासरच्या नदीकाठी, मरणाच्या सावलीत एका गृहस्थाने वंशासाठी भक्ती मागितली होती. ती त्याच्या वंशाला तर मिळालीच, पण ग्रंथरूपाने आज तुमच्या-माझ्या देवघरात आली आहे. साखरे आडनाव नसलेल्या लाखो घरांत सायंदेवांची ठेव पोचली.

आणखी एक. कवीने वडिलांकडचीच वंशावळ सांगून काम संपवले नाही. आई चंपा, तिचे वडील चौंडेश्वर, त्यांची आश्वलायन शाखा, काश्यप गोत्र, हेही आदराने लिहिले. आपल्या घरोघरच्या वंशावळीत लेकीसुनांच्या जागा कोऱ्या असतात. साडेचारशे वर्षांपूर्वी या कवीने ती चूक केली नाही.

आजची कडगंची

गाणगापूरला जाणाऱ्या भक्तांनी जमेल तेव्हा कडगंचीलाही जावे. आळंदहून कलबुर्गीकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे गाव आहे. सायंदेवांच्या जुन्या घराच्या जागी आता दत्तमंदिर आहे, तिथे करुणा पादुका आहेत. त्याच गावाजवळ कर्नाटकचे केंद्रीय विद्यापीठही उभे राहिले आहे. ज्या गावात गुरुचरित्रकाराचे कुळ नांदले, तिथे आज लांबलांबची मुले शिकायला येतात, हेही श्रीगुरूंच्याच मनात असेल.

नातीच्या वंशवृक्षावर पणजोबांच्या वरची जागा मी कोरी राहू दिली नाही. गावाकडच्या एका वृद्ध चुलत आत्यांना विचारले. त्यांना चौथ्या पुरुषाचे नाव आठवत होते, आणि त्यांच्या पत्नीचेही. दोन्ही नावे मी आता पोथीच्या पहिल्या कोऱ्या पानावर लिहून ठेवली आहेत. आडनावाचे कोडे अजून सुटलेले नाही. पण आडनाव पडते कशावरून, यापेक्षा ते टिकते कशावर, हे सायंदेवांनी मला शिकवले.

भक्तहो, यंदा पारायणाला बसाल तेव्हा पहिल्या अध्यायातल्या त्या ओव्या सावकाश वाचा. आणि घरात कोणी ऐंशी-नव्वदीचे असेल, तर सांगतेच्या दिवशी त्यांच्याजवळ बसून चार नावे विचारून घ्या. सायंदेवांनी केले तसे पुढच्यांसाठी आधी मागा. आपले आपण मग मागू.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥